रॉबर्टो मार्टिनेझ: खालच्या डिव्हिजनमधला मिडफिल्डर आणि त्याच्या हातचे संघ

मधली_फळी

आधी बेल्जियमच्या आणि मग पोर्तुगालच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झालेल्या मार्टिनेझचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुतेक हे संघ हरल्यावर. "इतके खेळाडू हाताशी असून काय केलं?" इथून सुरुवात होते आणि तिथेच चर्चा संपते. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल. प्रशिक्षक म्हणून त्याचं जे चांगलं आहे आणि जे खटकतं, ते दोन्ही त्याच्या खेळाडू म्हणून काढलेल्या दिवसांतून आलंय, असं माझं ठाम मत आहे.

जन्म १९७३चा, कॅटलोनियातल्या बालागेर गावचा. रेआल झारागोझाच्या युवा संघांतून वर आला, पण पहिल्या संघाकडून ला लिगात, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत, त्याला एकच सामना मिळाला. पुन्हा गावच्या क्लबकडे. स्पेनमध्ये असे मिडफिल्डर तेव्हाही पैशाला पासरी होते: चेंडू छान ताब्यात घेणारे, मान वर ठेवून पास देणारे, पण वेगात कुणालाही मागे न टाकणारे. यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत दहा वर्षं खेळतात आणि नंतर दुसरा कामधंदा बघतात.

१९९५मध्ये डेव्ह व्हेलनने विगन अॅथलेटिक विकत घेतला. विगन तेव्हा इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत, स्प्रिंगफिल्ड पार्कच्या जुन्या मैदानावर खेळायचा. हा व्हेलन स्वतः जुना खेळाडू, १९६०च्या एफए कपच्या (इंग्लंडची सर्व श्रेणींतल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नकडून खेळताना त्याचा पाय मोडला होता. त्याने स्पेनमधून तीन पोरं आणली: मार्टिनेझ, हेसुस सेबा आणि इसिद्रो दियाझ. चौथ्या श्रेणीत परदेशी खेळाडू ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. लोकांनी त्यांना 'थ्री अमिगोज', म्हणजे तीन दोस्त, म्हणायला सुरुवात केली.

आता त्या काळच्या चौथ्या श्रेणीचा खेळ डोळ्यांपुढे आणा. चिखलाचं मैदान. गोलरक्षक चेंडू लांब उडवणार, उंच स्ट्रायकर डोकं लावणार, सुटलेल्या चेंडूवर सगळे तुटून पडणार. मिडफिल्डरचं काम काय, तर तो सुटलेला चेंडू जिंकायचा आणि पुन्हा पुढे मारायचा. मार्टिनेझ अशा खेळात सहा वर्षं टिकला. नुसता टिकला नाही, १९९६-९७ला त्या श्रेणीचं विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता. त्याच हंगामात त्याच्या संघातल्या ग्रॅमी जोन्सने लीगमध्ये ३१ गोल केले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

२००१मध्ये विगनने सोडलं. स्कॉटलंडमध्ये मदरवेलला गेला, तर तो क्लब २००२मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि खेळाडूंना घरी पाठवलं. मग वॉलसॉल, तिथे फारसं खेळायलाच मिळालं नाही. २००३च्या सुरुवातीला वेल्समधला स्वान्सी. स्वान्सी तेव्हा चौथ्या श्रेणीतूनही खाली जाण्याच्या बेतात होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी हलला ४-२ हरवून वाचला. जेम्स थॉमसची ती हॅटट्रिक वेल्समध्ये अजून सांगतात. २००५मध्ये तिसऱ्या श्रेणीत बढती मिळाली. २००६मध्ये स्वान्सीनेही सोडलं, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो परत चौथ्या श्रेणीत, चेस्टर सिटीत.

ही यादी मुद्दाम दिली. दिवाळखोर क्लब, बाकावर बसवून ठेवणारा क्लब, वाचण्यासाठी धडपडणारा क्लब, करार संपला की फोनही न करणारे क्लब. फुटबॉलपटूंच्या भल्यामोठ्या बहुसंख्येचं आयुष्य असंच असतं. फरक इतकाच की हा माणूस प्रत्येक ठिकाणी विचार करत होता, की मला चेंडू पायाशी का मिळत नाही?

फेब्रुवारी २००७मध्ये मॅनेजर केनी जॅकेट गेल्यावर स्वान्सीने चेस्टरच्या या मिडफिल्डरला बोलावलं. अनुभव शून्य. आदल्या हंगामापर्यंत ज्यांच्या शेजारी ड्रेसिंग रूममध्ये बसायचा, त्यांनाच आता संघाबाहेर ठेवायचं किंवा घ्यायचं. आणि त्याने पहिल्याच पूर्ण हंगामात, २००७-०८ला, तिसरी श्रेणी ९२ गुणांनी जिंकली. लांब उडवलेल्या चेंडूंवर नाही, पासवर. लिऑन ब्रिटनसारखा चणीने लहान मिडफिल्डर त्या संघाच्या मधोमध होता. स्पेनच्या खालच्या श्रेणीतून आन्खेल रान्खेल उजवा बचावपटू म्हणून आणला, जो पुढे स्वान्सीसाठी दहा-एक वर्षं खेळला.

म्हणजे ज्या खेळाडूला चौथ्या श्रेणीत जागा नव्हती, तसल्या खेळाडूंसाठी त्याने संघ बांधला. मला मार्टिनेझ आवडतो तो या एका गोष्टीसाठी.

विगन, एव्हर्टन, बेल्जियम, पोर्तुगाल यांवर प्रतिसादांत बोलू. मतं वेगळी असणार याची कल्पना आहे.

दुसरा_हाफ

स्वान्सीचा भाग मला इतका माहीत नव्हता. पण तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. खालच्या श्रेणीत शेकडो मिडफिल्डर पंधरा-पंधरा वर्षं खेळतात. त्यातला एखादाच इतका वर येतो. मग भटकंतीला श्रेय देण्याऐवजी अभ्यासाला द्यायला नको का? त्याने फिजिओथेरपीची पदवी घेतली, खेळत असताना मँचेस्टरला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला. हा मुळातच वेगळ्या घडणीचा माणूस होता. झारागोझात टिकला असता तरी प्रशिक्षक झालाच असता.

आणि बेल्जियमचं काय? तिथे बांधायचं काही नव्हतं. हॅझार्ड, डी ब्रॉयना, लुकाकू, कोर्तुआ, कोम्पनी, व्हर्टोंगन. सगळं तयार ताट होतं. सहा वर्षांत एकही चषक नाही.

मधली_फळी

प्रशिक्षक झाला असता, मान्य. पण हा प्रशिक्षक झाला नसता. ला लिगात टिकलेल्या स्पॅनिश मिडफिल्डरला चेंडू पायाशी मिळणं गृहीत असतं. याला ते कधीच गृहीत धरता आलं नाही. म्हणून साधे खेळाडू घेऊन तसा खेळ कसा उभारायचा, हा प्रश्न त्याच्यासाठी रोजचा होता.

बेल्जियमकडे येऊच. आधी विगनबद्दल कुणीतरी लिहा.

थ्रोइन

विगनबद्दल मी लिहितो, कारण २०१२चा तो वसंत माझ्या आवडत्या फुटबॉल आठवणींपैकी आहे.

२००९मध्ये मार्टिनेझ मॅनेजर म्हणून विगनला परतला. ग्रॅमी जोन्स त्याचा सहाय्यक, तो ३१ गोलवाला. क्लब आता प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, पण पैसा सर्वांत कमी असणाऱ्यांपैकी. पहिल्या हंगामात चेल्सीला ३-१ हरवलं आणि टॉटनहॅमकडून ९-१ मार खाल्ला. त्या ९-१ नंतर खेळाडूंनी मैदानावर आलेल्या स्वतःच्या चाहत्यांना तिकिटाचे पैसे परत दिले. शेवटच्या दिवशी चेल्सीने ८-० धुतलं. तरीही संघ वाचला. २०१०-११मध्ये वाचला तो शेवटच्या दिवशी स्टोकला १-० हरवून, रोडालेगाच्या गोलवर.

२०११-१२मध्ये मात्र सगळ्यांनी विगनचं नाव खाली जाणाऱ्यांत लिहून टाकलं होतं. तेव्हा मार्टिनेझने तीन बचावपटूंची रचना पक्की केली, ३-४-३. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा जवळजवळ सगळे चार बचावपटू घेऊन खेळायचे. तळाला असलेला संघ बचावातला माणूस कमी करतो, हे ऐकायलाच विचित्र वाटायचं. पण त्यामागचा हिशेब साधा होता. दोन्ही बाजूंचे विंगबॅक (कडेने पुढे-मागे पळणारे) वर गेले की समोरच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) कुणाला पकडावं कळत नाही, आणि मध्ये जेम्स मॅककार्थी, जेम्स मॅकआर्थर यांना चेंडू घ्यायला जागा मिळते. पुढे शॉन मलोनी आणि व्हिक्टर मोझेस आत येऊन खेळायचे.

अॅनफिल्डवर लिव्हरपूलला २-१. मँचेस्टर युनायटेडला १-०, मलोनीचा गोल. आर्सेनलला त्यांच्या मैदानात २-१. न्यूकॅसलला ४-०. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून ४३ गुणांवर पंधरावे. युनायटेडचं त्या वर्षीचं विजेतेपद गोलफरकावर गेलं, हे आठवलं की त्या १-० ची किंमत कळते.

मधली_फळी यांच्या मुद्द्याला मी एवढंच जोडेन: यातले बहुतेक खेळाडू त्या वेळी मोठ्या क्लबांना हवे असलेले नव्हते. त्याने त्यांना अशा जागी उभं केलं जिथे त्यांची कमतरता झाकली जायची.

निळा_मर्सी

मी एव्हर्टनचा चाहता, त्यामुळे माझ्या मनात दोन्ही आहे.

आधीचा मॅनेजर मॉयस अकरा वर्षांनी गेला तेव्हा आम्हाला धास्ती होती. पहिल्या हंगामात, २०१३-१४ला, मार्टिनेझने ७२ गुण मिळवून दिले. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एव्हर्टनचे सर्वांत जास्त. पाचवा क्रमांक. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ओव्हिएदोच्या गोलने १-०, तिथला १९९२नंतरचा पहिला विजय. रॉस बार्कली, सीमस कोलमन यांना त्याने मोकळं सोडलं. लुकाकू आधी उसना, मग कायमचा. तो हंगाम पाहताना वाटायचं की आपला क्लब कुणापुढेही मान खाली घालायची गरज नाही.

पण मग काय झालं ते आकड्यांत बघा. पहिल्या वर्षी लीगमध्ये ३९ गोल खाल्ले. दुसऱ्या वर्षी ५०. तिसऱ्या वर्षी ५५. दोन्ही वर्षी अकरावा क्रमांक. २०१५-१६मध्ये दोन्ही कपांच्या उपांत्य फेरीत पोचलो आणि दोन्ही हरलो. मे २०१६मध्ये त्याला काढलं.

माझं मत असं. पहिल्या वर्षीचा बचाव मॉयसने घडवलेला होता. जॅगिएल्का, डिस्टिन, बेन्स यांना कुठे उभं राहायचं हे हाडीमासी भिनलेलं होतं. मार्टिनेझने त्यावर आपला चेंडूचा खेळ चढवला आणि काही काळ दोन्ही मिळालं. बचावाची ती शिस्त रोजच्या सरावाने टिकते, आणि तो सराव त्याच्या आवडीचा नव्हता. मिडफिल्डरच्या नजरेला बचाव म्हणजे चेंडू परत मिळेपर्यंतची वाट बघणं. विगनही २०१२-१३मध्ये ७३ गोल खाऊन खाली गेला होता, आम्ही ते बघायला हवं होतं.

आणखी एक, जे आमच्यापैकी अनेकांना बोचलं. वाईट हरल्यावरही तो पत्रकारांपुढे सगळं छानच आहे असं बोलायचा. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूचं मनोबल वाढवायला ते ठीक. गॅलरीत पावसात उभ्या असलेल्या माणसाला ते आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

मधली_फळी

निळा_मर्सी, बचावाबद्दलचं तुमचं निरीक्षण मी नाकारणार नाही. त्याच्या संघांत ही भेग कायम राहिली आहे.

सतत सकारात्मक बोलण्याबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. जो खेळाडू करार संपला की रस्त्यावर येतो, त्याला सगळ्यात जास्त आठवतं ते कुणीतरी चारचौघांत त्याच्याबद्दल वाईट बोललेलं. अशा आयुष्यातून आलेला मॅनेजर आपल्या खेळाडूला जाहीरपणे कधीच उघडं पाडणार नाही. चाहत्याला त्याचा राग येतो, आणि येणं बरोबरही आहे. खेळाडू मात्र त्याच्यासाठी जीव टाकतात.

अतिरिक्त_वेळ

२०१३चा एफए कप कुणीच काढला नाही अजून!

११ मे २०१३, वेम्बलीवर अंतिम सामना. समोर मँचेस्टर सिटी. विगनने सामना घाबरून खेळला नाही, कॅलम मॅकमनमन डावीकडून-उजवीकडून बचावपटूंना चुकवत राहिला. झाबालेता दुसऱ्या पिवळ्या कार्डाने बाहेर. आणि ९१व्या मिनिटाला मलोनीच्या कॉर्नरवर बेन वॉटसनचं हेडर. वॉटसन बदली म्हणून उतरला होता आणि त्याच हंगामात त्याचा पाय मोडला होता. वरच्या बॉक्समध्ये बसलेल्या व्हेलनला, ज्याचा स्वतःचा पाय याच कपच्या अंतिम सामन्यात मोडला होता, त्या क्षणी काय वाटलं असेल!

तीन दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ हरून विगन प्रीमियर लीगमधून खाली गेला. एकाच हंगामात एफए कप जिंकणारा आणि खाली जाणारा पहिला क्लब. विगनचा आजवरचा एकमेव मोठा चषक.

आता मला भावलेली गोष्ट. त्याच हंगामात, फेब्रुवारीत, लीग कप (इंग्लंडचा दुसरा मोठा कप) कुणी जिंकला? स्वान्सीने, ब्रॅडफर्डला ५-० हरवून. मॅनेजर लाउड्रुप, आणि त्याआधी पावलो सूझा, ब्रेंडन रॉजर्स होऊन गेलेले. पण खेळाची पद्धत २००७मध्ये सुरू झालेलीच. रान्खेल, ब्रिटन, अॅशली विल्यम्स हे मार्टिनेझच्या काळापासूनचे. म्हणजे एकाच वर्षी इंग्लंडचे दोन्ही कप अशा दोन क्लबांकडे गेले ज्यांच्याकडून हा माणूस चौथ्या श्रेणीत खेळला होता आणि ज्यांना त्याने घडवलं होतं. स्वान्सीच्या लोकांनी २००९मध्ये विगनला गेला म्हणून त्याला गद्दार म्हटलं होतं. ते दुःख मी समजू शकतो. पण पाया कुणाचा होता हे त्या क्लबाच्या इतिहासातून पुसता येणार नाही.

रविवारची_मॅच

चर्चा थोडी रुंद करतो. मिडफिल्डर प्रशिक्षक होतात यात नवल नाही. ग्वार्डिओला, आन्चेलोत्ती, शाबी अलोन्सो, डेशाँ. मैदानाच्या मध्ये उभा असणारा दोन्हीकडचं बघतो. पण हे सगळे नावाजलेले खेळाडू. ड्रेसिंग रूममध्ये शिरले की खेळाडू आपोआप गप्प बसतात. फिरस्त्या मिडफिल्डरला ती मुभा नसते. त्याला पहिल्या सरावातच पटवून द्यावं लागतं.

अशा फिरस्त्यांतला आणखी एक म्हणजे जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक. हाही मिडफिल्डर, जर्मनीच्या खालच्या श्रेणींतला, शिकायला इंग्लंडला गेला तेव्हा साउथविक नावाच्या छोट्या क्लबकडून खेळला. ऐंशीच्या दशकात व्हिक्टोरिया बाकनांग या लहान क्लबचा खेळाडू-प्रशिक्षक असताना प्रशिक्षक लोबानोव्स्कीच्या डायनॅमो कीव्हविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळला. त्यांच्या दबावाखाली चेंडू घ्यायला श्वासच मिळेना, कीव्हचे खेळाडू जास्त आहेत की काय असं त्याला वाटलं. जर्मनीतलं प्रेसिंगचं (चेंडू असलेल्यावर तुटून पडून तो हिसकावण्याचं) पुढचं शास्त्र बऱ्याच अंशी त्या अनुभवातून उभं राहिलं.

दोघांची तुलना मला रंजक वाटते. रांगनिकने मैदानावर जे सोसलं ते हत्यार म्हणून उचललं. मार्टिनेझला मैदानावर जे मिळालं नाही ते त्याने आपल्या संघांना दिलं.

दुसरा_हाफ

रांगनिकचा मुद्दा आवडला. आता बेल्जियम. कुणी टाळू नका.

२०१८ विश्वचषक उपांत्य फेरीत फ्रान्सकडून ०-१, कॉर्नरवर उम्तितीचा गोल. युरो २०२०मध्ये इटलीकडून १-२. २०२१च्या नेशन्स लीगच्या (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध २-० पुढे असून २-३ हार. २०२२च्या विश्वचषकात मोरोक्कोकडून ०-२, क्रोएशियाशी ०-० आणि गटातूनच घरी. बचावातले तेच वयस्क खेळाडू, बदली शोधलीच नाही. २०१८ ते २०२२ मानांकनात पहिला क्रमांक होता, पण मानांकनाचा चषक मिळत नाही. कमी पैशात चमत्कार करणाऱ्याला भरपूर दिलं की काय करावं कळत नाही, असं मला त्यातून दिसलं.

मधली_फळी

२०२२चा मी बचाव करणार नाही. संघ दोन वर्षं आधीच नवा करायला हवा होता. ज्यांनी साथ दिली त्यांना सोडवत नाही, हा त्याचा स्वभाव तिथे महागात पडला.

पण २०१८बद्दल वाद घालणार. जपानविरुद्ध ०-२ मागे. ६५व्या मिनिटाला त्याने फेलायनी आणि शाडलीला उतरवलं. व्हर्टोंगन, मग फेलायनीचं हेडर, २-२. आणि ९४व्या मिनिटाला जपानचा कॉर्नर कोर्तुआने झेलला, डी ब्रॉयनाकडे सरकवला, तो धावत सुटला, म्युनियेचा आडवा पास, लुकाकूने चेंडू पायांतून जाऊ दिला आणि मागून आलेल्या शाडलीने गोल. दोन्ही बदली खेळाडूंचे गोल.

चार दिवसांनी ब्राझील. लुकाकूला उजव्या बाजूला आणि डी ब्रॉयनाला सगळ्यात पुढे मध्ये ठेवलं. चेंडू ब्राझीलकडे असताना हॅझार्ड, लुकाकू, डी ब्रॉयना पुढेच थांबायचे. ब्राझीलसमोर तीन माणसं बचावाला न आणणं! मार्सेलो वर गेला की त्याच्या मागच्या जागेत लुकाकू. २-१. तिथे त्याने जे केलं ते २०१२च्या विगनचंच होतं: समोरचा मोठा आहे, तर त्याला मागे बघायला लावा. फरक एवढाच की पळणारा लुकाकू होता. तुम्ही म्हणता भरपूर मिळाल्यावर कळत नाही. मला तर वाटतं भरपूर असतानाही त्याच्यातला धाडसी माणूस गेला नाही, फक्त तो मोठ्या सामन्यातच बाहेर यायचा.

थ्रोइन

याला जोडून पोर्तुगाल. युरो २०२४ची पात्रता दहाच्या दहा सामने जिंकून, त्यात लक्झेंबर्गला ९-०. मग स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून पेनल्टींवर हार आणि पुन्हा तीच टीका, रोनाल्डोला किती खेळवायचं.

पण जून २०२५ची नेशन्स लीग बघा. म्युनिकमध्ये उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ०-१ मागे असताना व्हितिन्या, फ्रान्सिस्को कॉन्सेसाव, सेमेदो असे तीन बदल एकत्र केले आणि पाच मिनिटांत कॉन्सेसावचा गोल, मग रोनाल्डोचा. पोर्तुगालने जर्मनीला हरवलं ते २०००नंतर पहिल्यांदा. दोन्ही सामन्यांत त्याने जोआव नेव्हेस या मिडफिल्डरला उजवा बचावपटू म्हणून सुरुवातीला उतरवलं. अंतिम सामन्यात स्पेनशी २-२, पेनल्टींवर ५-३. मोराताची पेनल्टी दियोगो कोस्ताने अडवली, शेवटची रुबेन नेव्हेसने मारली. राष्ट्रीय संघासोबत मार्टिनेझचा हा पहिला चषक, तोही त्याच्याच देशाविरुद्ध.

दुसरा_हाफ

नेशन्स लीगला मी विश्वचषकाच्या जवळ ठेवणार नाही. पण जर्मनीविरुद्धचे ते तीन बदल मीही बघितले होते, आणि ते धाडसाचेच होते हे मान्य. माझा आक्षेप उरतो तो जोआव नेव्हेसला उजवीकडे ठेवण्यावर. स्पेनचा पहिला गोल आला तेव्हा पोर्तुगालचा बचाव पेनल्टी क्षेत्रात पार विस्कटलेला होता, आणि मध्यंतराला मार्टिनेझलाच सेमेदोला आणावं लागलं. निळा_मर्सी म्हणतात तीच जुनी खोड.

निळा_मर्सी

हो, तीच. पण पहिला बरोबरीचा गोल नुनो मेंदेसने केला आणि रोनाल्डोचा गोलही मेंदेसच्या क्रॉसवरून आला. डावा बचावपटू इतका पुढे पाठवायचा तर दुसरीकडे चेंडू सांभाळणारा माणूस हवा, असा त्यामागचा विचार असावा. एव्हर्टनमध्ये बेन्स आणि कोलमन दोघेही एकदम वर जायचे आणि मागे जॅगिएल्का एकटा पडायचा. बारा वर्षांत एक बाजू तरी त्याने राखायला घेतली, हे मी प्रगतीच्या बाजूला लिहीन.